म्हैस, १ नग, शिंगांसह

माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कामाची सरकारदरबारी नोंद एका ओळीची आहे. ‘चौक सुशोभीकरण, बाब क्र. १४ : म्हैस, गनमेटल, १ नग, शिंगांसह पूर्ण.’ बाब क्र. १३ पेव्हर ब्लॉकची आणि बाब क्र. १५ हायमास्ट दिव्याची. ‘शिंगांसह’ हा शब्द कनिष्ठ अभियंत्यांनी स्वतःच्या हाताने वाढवला. रस्त्याच्या कामात ठेकेदार साइडपट्टी जशी मागाहून जादा बाब म्हणून लावतो, तशी मी शिंगं लावीन अशी त्यांना भीती होती.

गावाचं नाव सांगत नाही. कोल्हापूर भागातलं आहे आणि माझी अनामत रक्कम अजून त्यांच्याकडे आहे, एवढं पुरे.

तर मी शिल्पकार. आमच्याकडे शिल्पकाराला ‘मूर्तीवाले’ म्हणतात, आणि आषाढ सरत आला की ओळखीतली माणसं ‘यंदा तीन फुटी केवढ्याला बसंल?’ म्हणून फोन करतात. मी गणपती करत नाही म्हटलं की पलीकडे जरा शांतता होते. मग ‘बरं बरं, हळूहळू येईल जमायला’ असा धीर देऊन फोन ठेवला जातो.

म्हशीचं काम माझ्याकडे आलं ते एका अडचणीतून. चौक मोठा केला होता, मधे गोल बेट सोडलं होतं आणि बेटावर काय बसवायचं यावरून नगरपरिषदेत चार गट पडले होते. चार गटांचे चार थोर पुरुष. कोणाचंही नाव घेतलं की उरलेले तिघे उठून उभे राहायचे. त्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्त्यांवर नवे पुतळे बसवायला परवानगी देऊ नका असं राज्यांना बजावलेलं. ते बेट रस्त्यात मोडतं की बागेत, यावर फाइल वर्षभर फिरली आणि शेवटी ‘उद्यान’ असा शेरा घेऊन परत आली. मुख्याधिकारी वैतागून सभेत म्हणाले, “अहो, ज्याने कुणाच्याच भावना दुखावणार नाहीत असं काहीतरी सुचवा.” मागच्या बाकावरून आवाज आला, “मग म्हैस बसवा.”

सगळे हसले. मग हळूहळू हसायचे थांबले. हा भाग दुधावर जगतो. कोल्हापुरात गंगावेशीला आजही कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दुधाचा पेला हातात देतात. म्हशीला जात नाही, पक्ष नाही, पुण्यतिथी नाही. विरोध करायचा तर कोणत्या तोंडाने? ठराव एकमताने झाला. त्या सभागृहाच्या पाच वर्षांतला तो एकमेव एकमताचा ठराव, असं मला पुढे तिथल्या लेखनिकांनी अभिमानाने सांगितलं.

मलाही आनंद झाला. थोर पुरुषाचा पुतळा करणं म्हणजे काय, हे करणाऱ्यालाच ठाऊक. नाकाबद्दल एक शिष्टमंडळ, फेट्याबद्दल दुसरं. म्हशीला निदान वारसदार आणि अनुयायी नसतात, असं मी बायकोला म्हणालो. माझ्या धंद्यातला हा सर्वांत मोठा गैरसमज होता. थोर पुरुषाला प्रत्यक्ष पाहिलेली माणसं फार थोडी असतात. म्हैस सगळ्यांनी पाहिलेली असते.

मनातून मी स्वतःला समजावलं की यात कमीपणा काहीच नाही. अलिबागजवळ सासवण्याला नानासाहेब करमरकरांच्या घरी त्यांनी घडवलेली म्हैस आहे. पुण्यातला शिवाजी महाराजांचा १९२८ सालचा अश्वारूढ पुतळा ज्या हातांनी केला, त्याच हातांनी म्हैस केली, आणि मन लावून केली. आणि मुंबईचा काळा घोडा घ्या. सातवा एडवर्ड युवराज असतानाचा तो पुतळा १८७९ चा. लोकांनी राजपुत्राकडे ढुंकूनही बघितलं नाही, परिसराला नाव दिलं ते घोड्याचं. १९६५ साली स्वाराला घोड्यासकट राणीच्या बागेत हलवलं, तरी जागा काळा घोडाच राहिली. शेवटी २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, पण स्वाराशिवाय. जवळजवळ दीडशे वर्षांच्या अनुभवानंतर मुंबईकरांनी काय ठेवायचं नि काय नाही ते बरोबर ओळखलं.

पहिला वाद जातीचा. म्हशीच्या. मुऱ्हा की पंढरपुरी? मुऱ्हाची शिंगं जिलबीसारखी वळलेली, आटोपशीर. पंढरपुरीची तलवारीसारखी, पार खांद्यापर्यंत मागे गेलेली. दूध संस्थेचे संचालक मुऱ्ह्याच्या बाजूचे, कारण दूध जास्त. बाकीचे म्हणाले, मुऱ्हा हरियाणाची, आपल्या चौकात परप्रांतीय म्हैस कशाला? भूमिपुत्राचा मुद्दा म्हशीपर्यंत आला म्हटल्यावर मी ताबडतोब पंढरपुरी कबूल केली. शिंगं दिसायला सुंदर, आकाशावर रेघ मारावी तशी. त्या दोन सुंदर रेघांनी पुढे मला किती छळलं ते ओघाने येईलच.

मग माती. शेडमध्ये सळ्यांचा सांगाडा उभा केला, त्यावर जाळी, लाकडाचे ठोकळे बांधले, आणि सव्वापट आकाराची म्हैस चढवायला घेतली. दोन टन माती लागली. मातीचं काम तीन महिन्यांत झालं आणि मंजुरीला गेलं. तिथे प्रश्न निघाला : हा पुतळा की शिल्प? पुतळा असेल तर मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता हवी, शिवाय त्याच व्यक्तीचा दुसरा पुतळा जवळपास नाही असा दाखला हवा. टेबलावरचे भाऊसाहेब कागदावरून नजर न काढता म्हणाले, “म्हणजे याच म्हशीचा दुसरा पुतळा हद्दीत नाही, असं लिहून आणा.” मी म्हटलं, “साहेब, ही कुणी विशिष्ट म्हैस नाही.” ते म्हणाले, “मग काल्पनिक लिहा. काल्पनिक म्हशीचं परिपत्रक वेगळं असेल.”

हे चालू असताना माती थांबत नाही. ओली माती ओली ठेवावी लागते. वाळली की आकसते, आकसली की आतल्या सांगाड्यावरून फाटते. म्हणून गोणपाटं भिजवून तिच्यावर पांघरायची, वर प्लॅस्टिक. एप्रिल गेला, मे उजाडला. पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी. दिवसातून तीन वेळा, मग चार वेळा, मग रात्री गजर लावून उठून पाणी मारायचं. बायको एकदा म्हणाली, “दारातल्या कुंड्या महिनाभर कोरड्या आहेत, आणि म्हशीला रात्री दोनला पाणी.” शेजारच्या आजींनी तर आमच्याकडे खरंच म्हैस आहे असं धरून एके दिवशी तांब्या पाठवला, खरवसाच्या चिकासाठी.

जूनमध्ये समिती आली. अकरा जण. आता समित्यांना नावं ठेवणं सोपं आहे, पण फ्लॉरेन्समध्ये १५०४ साली मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ कुठे उभा करायचा हे ठरवायला जी समिती बसली, तिच्यात लिओनार्दो दा विंची आणि बोत्तिचेल्ली होते. त्या समितीचंही एकमत झालं नव्हतं. माझ्या समितीत लिओनार्दो नव्हता, पण अकरापैकी नऊ जणांच्या दारात जनावर होतं. कोणती समिती जास्त धोक्याची, हे तुम्हीच ठरवा.

अध्यक्ष म्हणाले, चेहऱ्यावर जरा प्रसन्न भाव हवेत. मी म्हटलं, म्हशीच्या? ते म्हणाले, का, तिला काय दुःख आहे? उपाध्यक्षांना एक पाय उचललेला हवा होता. मी कारण विचारलं तर त्यांनी घोड्याचा हिशोब सांगितला : दोन पाय वर म्हणजे स्वार लढाईत पडला, एक पाय वर म्हणजे जखमेने गेला, चारही जमिनीवर म्हणजे घरी अंथरुणात. हा हिशोब जगभर सांगतात आणि त्याला काडीचा आधार नाही. शिल्पकार पाय उचलतो तो तोलासाठी आणि पैसे असतील तर डौलासाठी. पण मी कोणाला समजावतो? ते म्हणाले, “चारही पाय खाली ठेवले तर लोक म्हणतील म्हैस आजाराने गेली.” एका तरुण सदस्याला कानात पिवळा बिल्ला पाहिजे होता, बारा आकडी नंबराचा. बिल्ला नसला तर जनावर बेवारस धरतात, म्हणाला. एकाने यमाचं वाहन काढलं. दुसऱ्याने तो रेडा असतो म्हणून त्याला बसवलं आणि रेड्यावरून पैठण, ज्ञानेश्वर, वेद असं करत चहा येईपर्यंत सगळ्यांना फिरवून आणलं.

या सगळ्यात एक जण गप्प होते. सत्तरीचे, पांढरी टोपी, धोतर. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. त्यांनी म्हशीला एक पूर्ण फेरी घातली. पुठ्ठ्यावर थाप मारली, पाठीवरून हात फिरवला, शेपटीच्या मुळाशी दोन बोटांनी चाचपलं. मला बरं वाटलं. शिल्प डोळ्यांनी बघणारे पुष्कळ, हातांनी बघणारा विरळा. मग तात्या मागच्या पायांशी उकिडवे बसले, मान तिरकी करून बराच वेळ आत बघत राहिले आणि म्हणाले,

“कास ल्हान हाय.”

मी प्रमाणबद्धतेवर बोललो. पोटाच्या वळणाची रेषा मागच्या पायात कशी मिसळते आणि तिथे वजन वाढवलं तर डोळा कसा अडतो, ते सांगितलं. जे. जे.त शिकलेलं सगळं सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

“सर, तुमी कधी धार काढलीया का?”

अकरा जण माझ्याकडे बघत होते. मी पिशवीतलं दूध पितो हे कबूल करायची ती वेळ नव्हती.

अशा वेळेला आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. चरित्रकार वसारीने ती लिहून ठेवली आहे. फ्लॉरेन्सच्या कारभाऱ्याने ‘डेव्हिड’चं नाक जाड आहे म्हटल्यावर मायकेलअँजेलो छिन्नी घेऊन वर चढला, मुठीत संगमरवराची भुकटी लपवली होती. नाकाला हात न लावता नुसतं ठोकल्यासारखं केलं, भुकटी खाली सोडली आणि विचारलं, आता? कारभारी म्हणाला, वा, आता जीव आला! मी मुठीत माती घेतली, म्हशीखाली शिरलो, पाच मिनिटं लोखंडी पट्टी खुडबुडवली, थापल्याचे आवाज केले आणि घाम पुसत बाहेर आलो. “बघा आता.”

अध्यक्ष म्हणाले, वा! उपाध्यक्ष म्हणाले, फरक पडला! तात्या पुन्हा उकिडवे बसले. जमिनीवर पडलेली माती त्यांनी चिमटीत उचलून बघितली.

“सर, माती हितं सांडली. कास हाय तेवडीच हाय.”

मायकेलअँजेलोचं नशीब, फ्लॉरेन्सच्या कारभाऱ्याने आयुष्यभर नाकं पिळली नव्हती. मी शेवटचा बचाव केला, ही दुसऱ्या वेताची म्हैस आहे. तात्या म्हणाले, मग तिसऱ्या वेताची करा, घाई काय हाय? अखेर मी खरोखर अर्धा इंच माती चढवली. तात्यांनी सही केली, पण सहीच्या पुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं : ‘वाढ अपुरी.’ हा शेरा आजही फाइलमध्ये आहे.

ओतकामाबद्दल फार लिहीत नाही. ते काम करणाऱ्याला रोमांचक आणि वाचणाऱ्याला कंटाळवाणं असतं. प्लॅस्टरचे सव्वीस तुकड्यांचे साचे, त्यातून मेण, मेणावर पुन्हा साचा, मेण वितळवून पोकळी आणि पोकळीत गनमेटल : पंच्याऐंशी टक्के तांबं, बाकी कथील, जस्त, शिसं पाच-पाच. अकराशे अंशांच्या आसपास तापलेला रस. तुकडे जोडायचे, सांधे घासून दिसेनासे करायचे, मग आम्ल आणि गॅसची ज्योत वापरून काळा रंग चढवायचा. कातडी सहा-सात मिलीमीटर, आत पोकळ. वजन सातशे किलो भरलं. जिवंत भरदार म्हैसही याच्याच आसपास भरते. फरक एवढाच की ती स्वतःच्या पायांनी चालत जाते.

फाउंड्रीत कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तक घेऊन आले. त्यांचं काम घनमीटरमध्ये मोजायचं. त्यांनी टेप लावली : लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. म्हैस एक विटेसारखी धरली. मी म्हटलं, साहेब, ती आतून पोकळ आहे. त्यांनी चष्मा वर केला. “पोकळ? मग पोकळी वजा करावी लागेल.” पोकळी वजा केली तेव्हा म्हशीची किंमत पेव्हर ब्लॉकच्या दोन ट्रॉल्यांएवढी निघाली. पायांमधल्या जागेचीही ते दरवाजा-खिडकीसारखी वजावट करणार होते. मग दोघांनी चहा घेतला आणि ‘नग’ या शब्दावर तडजोड केली. ‘नग’ हा शब्द ज्याने शोधला त्याचा पुतळा मी फुकट करीन.

ट्रकमध्ये म्हैस चढवली, ताडपत्री घातली, रात्री नऊला निघालो. ताडपत्रीतून शिंगं बाहेर. नाक्यावर हवालदाराने बॅटरी मारली आणि ट्रक बाजूला घ्यायला लावला. जनावराची वाहतूक? पशुवैद्यकाचा दाखला? चाऱ्या-पाण्याची सोय? मी म्हटलं, “साहेब, ही ब्राँझची आहे.” ते म्हणाले, “मी जात नाही विचारली, दाखला विचारला.” शेवटी ते मागून चढले आणि काठीचं टोक तिच्या बरगडीत खुपसलं. टण्ण असा आवाज आला, देवळातल्या घंटेसारखा, आणि बराच वेळ घुमत राहिला. हवालदार खाली उतरले, टोपी काढून डोकं पुसलं आणि हळू आवाजात म्हणाले, “जा. पण शिंगांना लाल फडकं बांधा, बाहेर आलीत.”

बसवायचं काम रात्री दोन ते पाच, वाहतूक बंद असताना. चौथरा दुसऱ्या ठेकेदाराचा. मी त्याला पायांच्या बोल्टसाठी पत्र्याचा साचा आधीच दिला होता. त्याने बोल्ट अगदी साच्याबरहुकूम गाडले होते. फक्त साचा उलटा धरला होता. म्हणजे म्हैस बसणार, पण तोंडाच्या जागी शेपूट.

इथे खरा पेच सुरू झाला. गोल चौकातल्या शिल्पाला पुढचा भाग असतो तसा मागचाही असतो, आणि चार रस्त्यांच्या चौकात मागचा भाग कुणाच्या ना कुणाच्या दाराकडे येतोच. मूळ नकाशाप्रमाणे तो एका रिकाम्या प्लॉटकडे होता. उलटा केल्यावर तो सरळ नगरपरिषदेच्या सज्जाकडे. पूर्वेला वळवावी तर माजी नगराध्यक्षांचा बंगला, पश्चिमेला पतसंस्था, जिच्या ठेवीदारांमध्ये आधीच कुजबुज होती. रात्री अडीचला अध्यक्षांना झोपेतून उठवलं. ते बनियनवर आले, चौथऱ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, “बोल्ट कापा. प्लॉटवाला विरोधी पार्टीचा आहे.” बोल्ट कापले, नवी भोकं पाडली, रसायन भरलं. तोवर हायड्रा क्रेनवाला सीटवर घोरत होता.

त्याला जागं ठेवायला मी घारापुरीच्या हत्तीची गोष्ट सांगितली. इंग्रजांनी १८६४ साली तो दगडी हत्ती विलायतेला न्यायचा म्हणून उचलला, क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे जोडून उभा केलेला हत्ती आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. हायड्रावाला दुखावला. “आमचे पट्टे नवीन आहेत,” म्हणाला आणि त्यानंतर रात्रभर माझ्याशी बोलला नाही. म्हैस मात्र पिसासारखी उतरवली. पहाटे पाचला चारही पाय बोल्टवर बसले.

मला त्या क्षणी न्यूयॉर्कच्या आर्तुरो दी मोदिकाचा फार हेवा वाटला. या सिसिलियन गृहस्थाने पदरचे साडेतीन लाखांहून जास्त डॉलर घालून तीन टनांहून जड ब्राँझचा बैल केला, आणि डिसेंबर १९८९ मध्ये एका रात्री पोलिसांच्या गस्तीच्या वेळा बघून शेअर बाजारासमोर ट्रकमधून उतरवून निघून गेला. टेंडर नाही, समिती नाही, वाढ अपुरी नाही. पोलिसांनी तो त्याच दिवशी उचलून नेला, लोकांनी ओरडा केला, आठवड्याच्या आत थोड्या अंतरावर पुन्हा बसला आणि आजवर तिथेच आहे. मला सगळ्या परवानग्या घेऊन बसवायला तीन वर्षं लागली. पुढच्या जन्मी बैल करीन.

बसवली म्हणजे संपलं, असं कुणी समजू नये. अनावरण व्हायचं होतं. मंत्रिमहोदयांची तारीख मिळेपर्यंत म्हशीला हिरव्या जाळीत गुंडाळलं. तारीख मिळाली तोवर आचारसंहिता लागली. उत्तर प्रदेशात २०१२ च्या निवडणुकीत दगडी हत्ती झाकायला लावले होते, त्यामुळे आमच्याकडेही कुणी जाळी काढायचं धाडस करेना. म्हैस कुणाचं चिन्ह नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण सावधगिरी म्हणून जाळीवर आणखी एक ताडपत्री आली. आठ महिने ती तशीच. गावात पत्ता सांगायची पद्धत पडली : ‘झाकलेल्या म्हशीपासून डावीकडं.’

अनावरणाच्या दिवशी बटण दाबलं, मोटर फिरली, मखमली पडदा सरकला आणि शिंगांत अडकला. पुन्हा दाबलं, पडदा आणखी रुतला. म्हशीने डोक्यावर पदर घेतल्यासारखं दिसत होतं. टाळ्या सुरू झाल्या होत्या त्या थांबवता येईनात. शेवटी एक पोरगं चौथऱ्यावरून पाठीवर, पाठीवरून मानेवर चढलं आणि शिंगांतून कापड सोडवलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला त्यात म्हैस कमी आणि पोरगं जास्त. कोनशिलेवर सत्तावीस नावं आहेत. माझंही आहे, खालून दुसरं, ‘विद्युत कामे’ या मथळ्याखाली.

त्यानंतरचं पहिलं प्रामाणिक मत एका बगळ्याचं. चौथ्या दिवशी सकाळी मी समोरच्या टपरीवर चहा पीत होतो. शेतातून एक गायबगळा आला, सवयीने म्हशीच्या पाठीवर बसला, दोन पावलं चालला आणि मानेच्या घडीत गोचीड शोधायला चोच मारली. टण्ण. त्याने मान तिरकी करून खाली बघितलं. मग दुसऱ्या जागी मारली. टण्ण. थोडा वेळ तसाच विचारात उभा राहिला, मागे जे ठेवायचं ते ठेवलं आणि उडून गेला.

ते मागे ठेवलेलं दिसायला पांढरं असलं तरी ब्राँझचा रंग खातं, म्हणून मी महिन्यातून एकदा बादली-ब्रश घेऊन जातो. दर वेळी काहीतरी नवीन असतं. दोन शिंगांमध्ये वाढदिवसाचा फ्लेक्स तर ठरलेला. शिंगांत आतून स्टीलची सळई घातली नसती तर कुठल्या तरी युवा नेत्याच्या वाढदिवसाला ती तुटलीच असती. मी नगरपरिषदेला चार पत्रं दिली. पाचव्या खेपेला कळलं की ग्लासगो शहरात ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या पुतळ्याच्या डोक्यावर लोक वर्षानुवर्षं ट्रॅफिकचा शंकू ठेवतात, आणि २०१३ मध्ये चौथरा उंच करून ते थांबवायचा बेत तिथल्या लोकांनीच हाणून पाडला. पाचवं पत्र मी टाकलंच नाही.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी सातला फोन आला. “सर, तुमची म्हस रंगवली.” पाडव्याला आमच्याकडे म्हशी धुऊन, भादरून, शिंगं रंगवून, गोंडे बांधून मिरवतात, हे मी लहानपणापासून बघत आलोय, पण हा धोका माझ्या लक्षात आला नव्हता. ऑइलपेंट! काळ्या पटिनावर! थिनरची बाटली आणि कापसाचा वेस्ट घेऊन गाडी काढली.

चौकात वीस-पंचवीस म्हशी आल्या होत्या. तुळतुळीत, पाठीवर नक्षी काढलेल्या, पायांत चाळ. माझी त्यांच्यात एका पायरीने उंच. शिंगं लालभडक, टोकांना मोरपिसं, गळ्यात पितळी घंटा, कपाळावर आरशाचा गोंडा. डाव्या कानाला कुणीतरी पिवळा बिल्ला तारेने बांधला होता, बारा आकडी. खरा होता. पुढ्यात वैरणीची पेंडी. चौथऱ्याच्या पायरीवर तात्या ब्रश धुत बसले होते.

मी चिडूनच गेलो होतो. पण बोलायच्या आधी नजर खाली गेली. वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी, पोरांनी, नव्या नवरा-नवरींनी, दूध घालायला निघालेल्यांनी तिच्या कासेला हात लावून नमस्कार केला होता. अंगभर काळी असलेली म्हैस तेवढ्या जागी घासून पिवळीधमक झाली होती. सकाळचं ऊन बरोबर त्यावर पडलं होतं.

“त्या बाटलीत काय हाय?” तात्यांनी विचारलं.

“पाणी,” मी म्हटलं.

“आता बघा कशी भरल्यावानी दिसतीया. तुमच्याच्यानं झालं न्हाई, पर लोकांनी हात लावून लावून वाडवली.”

“तात्या, हात लावून धातू वाढत नाही, झिजतो.”

तात्यांनी ब्रश झटकला, धोतराला पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

“सर, तुमी अजून एकदा तरी धार काढलीया का?”